ठराव कुठे गेला, हे विचारणार कोण?

बसू नका, उभ्यानेच ऐका. तुमच्यातलं कोणी आता लहान राहिलेलं नाही. मतदार यादीत नाव लागून वर्षं झाली, काहींची मुलं अंगणवाडीत जायला लागली. म्हणून आज गोंजारून बोलणार नाही.

पिंगुळीतल्या चहाच्या टपरीवर, कुडाळच्या एसटी स्टँडवर, गणपतीत आरतीला घरोघर फिरताना, तुमच्या तोंडी एकच पाढा असतो. रस्ता का झाला नाही? नळाला पाणी का नाही? साकवाचं काम कुठे अडलं? मी विचारतो, "ग्रामसभेत हा विषय निघाला होता का?" उत्तर येतं, "माका काय म्हायत नाय, गुरुजी." "मग ठराव झाला का?" "झालो आसतलो." "मांडला कोणी? कोणत्या सभेत? पुढे काय झालं?" मग मान खाली आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरणं सुरू. अरे, "झालो आसतलो" यावर घर चालत नाही, गाव कसं चालेल?

मी कुठल्या सरपंचावर किंवा ग्रामसेवकावर बोट ठेवायला आलेलो नाही. त्यांचा हिशेब ज्याने त्याने सभेत उभं राहून घ्यावा. माझं बोट तुमच्याकडे आहे. गावात चर्चा होते, निर्णय होतात, कागद होतात आणि तुमच्यापैकी एकालाही त्यातलं काही सांगता येत नाही. ही अडाणीपणाची गोष्ट नाही, ही आळसाची आहे. आणि आळसाला मी वर्गात कधी माफ केलं नाही, आताही करणार नाही.

आम्हांला लक्षात ठेवता येत नाही असं म्हणू नका. पालखीच्या मानाचा क्रम जरा इकडचा तिकडे झाला, तर कोणाच्या आजोबाने कधी कोणाला खांदा दिला होता इथपर्यंत तुम्ही मागे जाता. दशावताराच्या कुठल्या कंपनीत यंदा कोण संकासुर करतो, हे तुम्हांला तोंडपाठ. मोबाईलवर कोणी कोणाला काय लिहिलं, कोणी वाचून उत्तर दिलं नाही, याची नोंद तुमच्याकडे रात्री दोन वाजेपर्यंतची असते. म्हणजे डोकं शाबूत आहे, नजर तीक्ष्ण आहे. ती फक्त जिथे लावायला हवी तिथे लागत नाही. आपल्याकडे म्हणतात ना, गजालीन घोव खाल्लो, गप्पांनी नवरा खाल्ला. इथे गजालीने गाव खायला घेतलं आहे.

आता कायदा काय सांगतो तो ऐका, कारण तोही तुम्हांला माहीत नाही. १९९२ची त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३पासून लागू झाली आणि ग्रामसभेला थेट राज्यघटनेत जागा मिळाली. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीतला प्रत्येक माणूस. सरपंच, उपसरपंच आणि सदस्य म्हणजे ग्रामपंचायत. ग्रामसभा म्हणजे तुम्ही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ सालचा. त्याच्या कलम ७ प्रमाणे आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा झाल्याच पाहिजेत. नियमित सभेच्या आधी महिलांची वेगळी सभा झाली पाहिजे. कलम ८ सांगतं की वर्षाच्या पहिल्या सभेपुढे मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासनाचा अहवाल, चालू वर्षात करायची कामं आणि लेखापरीक्षणाचे शेरे ठेवायचे. कोणापुढे? तुमच्यापुढे. आणि तुम्ही त्या वेळी कुठे असता?

गणपूर्ती किती लागते? एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसं, यांतली जी संख्या कमी असेल ती. म्हणजे मोठ्या गावातही शंभर माणसं पुरतात. ती जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अटच राहत नाही. याचा अर्थ नीट समजून घ्या. तुम्ही घरी बसलात म्हणून निर्णय थांबत नाहीत. जेवढे आले तेवढ्यांनी घेतलेला निर्णय तुमच्या दारातून जातो, तुमच्या विहिरीपाशी थांबतो, तुमच्या घरपट्टीत उतरतो. न येणारा माणूस तटस्थ राहत नाही. तो आपलं मत दुसऱ्याच्या खिशात टाकून झोपतो.

बरं, जे येतात त्यांचं काय? विषयपत्रिकेवर पहिला विषय बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. नेमका हाच विषय चालू असताना तुम्ही बाहेर चहा पीत उभे असता. आत शेवटच्या विषयाला भांडण लागलं की धावत येता. मागच्या वेळी काय ठरलं होतं ते ज्याने ऐकलंच नाही, त्याने या वेळी कशावर भांडायचं? मग तोच विषय, तोच आवाज, तेच हातवारे. दर सभेला गाव एकाच ठिकाणी गोल फिरतं आणि तुम्हांला वाटतं चर्चा झाली.

इतिवृत्ताची वही तुमच्यातल्या कितींनी हातात घेऊन पाहिली आहे? हात वर करा. बघा, म्हणूनच सांगतो. वर सभेची तारीख, वेळ, ठिकाण आणि अध्यक्ष कोण. खाली विषय क्रमांक आणि ठराव क्रमांक. मग मजकूर. मजकुराच्या शेवटी सूचक कोण, अनुमोदक कोण, आणि ठराव सर्वानुमते मंजूर की बहुमताने. वेगळीकडे हजेरीच्या सह्या. आता नजर कुठे ठेवायची ते सांगतो. दोन ठरावांच्या मध्ये कोरी जागा सुटली आहे का ते बघा. सभा उठल्यानंतर वही बंद होण्याआधी शेवटच्या ओळीखाली रेघ मारून सही झाली का ते बघा. "ऐनवेळचे विषय" या मथळ्याखाली काय आलं ते दोनदा वाचा, कारण ज्या विषयाची आधी सूचना नव्हती तो तिथून आत येतो. आणि तुम्ही अर्धा तास घसा कोरडा करून जे बोललात, त्याची नोंद "सदर विषयावर चर्चा करण्यात आली" एवढ्या एका ओळीत झाली असेल, तर त्याच बैठकीत हात वर करून सांगा की माझा मुद्दा लिहून घ्या. लिहिणाऱ्याचा दोष काढू नका. एका माणसाने पन्नास जणांचा गलका ऐकत लिहायचं असतं. आपला मुद्दा दोन वाक्यांत नीट सांगणं हे बोलणाऱ्याचं काम आहे. शाळेत सारांश लिहायला शिकवलं होतं ते कशासाठी?

क्रियापदंही नीट वाचायला शिका. "साकव बांधण्यास मंजुरी देण्यात येत आहे" हे एक. "साकव बांधण्याबाबत वरिष्ठ कार्यालयास कळविण्यात यावे" हे दुसरं. "मागणीचा विचार करण्यात यावा" हे तिसरं. तुम्ही तिन्ही ऐकून टाळ्या वाजवता आणि घरी येऊन सांगता की साकव झाला. पहिल्यात काम आहे, दुसऱ्यात पत्र आहे, तिसऱ्यात काहीच नाही. आणि पत्र गेलं म्हणजेही काम झालं नाही. पत्राला जावक क्रमांक पडला का? कुडाळच्या पंचायत समितीची किंवा ओरोसच्या जिल्हा परिषदेची पोच आली का? अंदाजपत्रक झालं का? प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतली नोंद, शेवटी काम पूर्ण झाल्याचा दाखला. व्हाळावर साकव उभा राहण्याआधी त्याला एवढ्या पायऱ्या चढाव्या लागतात. कुठल्या पायरीवर तो थांबला आहे हे सांगता येत असेल तर तुमच्या तक्रारीला वजन आहे. नाहीतर ती नुसती कुरकुर, आणि कुरकुरीची आवक-जावक कुठल्याच कार्यालयात होत नाही.

तुम्ही पिंगुळीचे, म्हणून एक गोष्ट तुम्हांला दुसऱ्या कोणाहून लवकर कळायला हवी. गुढीपूरच्या ठाकर कलावंतांनी चित्रकथी जिवंत ठेवली म्हणून या गावाचं नाव देशभर गेलं. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा तुम्ही सगळ्यांनी अभिमानाने फोटो लावले. पण चित्रकथीची पोथी कधी जवळून पाहिलीत का? एका कथेची सगळी चित्रं एका पोथीत. दोन-दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. कथेकरी एक चित्र पुढे धरतो, गातो, सांगतो, मग पुढचं काढतो. वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीवर रात्र सरते. गाणं सगळं तोंडी, पण क्रम पक्का. मधलं एखादं पान हरवलं तर युद्ध आधी आणि शाप नंतर, असा घोळ होऊन बसेल. पिढ्यान्‌पिढ्या त्या घरांनी पोथी फडक्यात बांधून, मोजून, क्रम लावून जपली, म्हणून आज ती तुम्हांला बघायला मिळते. गावाच्या निर्णयांचंही तसंच आहे. मधलं एक पान गेलं की पुढचं सगळं खोटं वाटायला लागतं. त्या घरांकडे ना सरकारी वही होती, ना कपाट, ना संगणक. तुमच्याकडे सगळं आहे आणि मागच्या ऑगस्टमध्ये काय ठरलं ते सांगता येत नाही. लाज वाटू द्या.

नोंद ठेवणं ही कारकुनी आहे, असं तुमच्यातल्या शहाण्यांना वाटतं. मोठी माणसं भाषणं करतात, लहान माणसं लिहितात, असा तुमचा समज. तर मग मोठ्या माणसांचंच बघू. बॅरिस्टर नाथ पै आपल्या वेंगुर्ल्याचे. १९५७पासून १९७०च्या अखेरीपर्यंत राजापूर मतदारसंघातून लोकसभेत. त्यांच्या वक्तृत्वाच्या कथा तुम्ही ऐकल्यात. पण १९६७मध्ये घटनादुरुस्तीच्या अधिकाराबाबत त्यांनी खासगी विधेयक मांडलं, त्यावरचा त्यांचा युक्तिवाद आज शब्दन्‌शब्द वाचता येतो. का? लोकसभेत प्रत्येक वाक्य टिपणारे प्रतिवेदक होते आणि ते टिपण छापलं गेलं म्हणून. त्यांच्यामागून मधु दंडवते याच मतदारसंघातून सलग पाच वेळा निवडून आले. दंडवत्यांची ताकद आवाजात नव्हती, ती कागदात होती. कुठल्या मंत्र्याने कुठल्या तारखेला काय उत्तर दिलं हे हाताशी ठेवून पुढचा प्रश्न विचारायचा, ही संसदेतल्या अभ्यासू माणसाची रीत. तुम्ही त्यांच्या फोटोला हार घालता, रीत मात्र घेत नाही.

संसदेचीच आणखी एक गोष्ट सांगतो, ती पाठ करा. मंत्री सभागृहात सांगत, "याची चौकशी करू", "याचा विचार करू". पुढे काय झालं ते कोणी विचारत नसे. म्हणून डिसेंबर १९५३मध्ये लोकसभेने एक समितीच नेमली, सरकारी आश्वासन समिती. तिचं काम एवढंच: दिलेली आश्वासनं शोधून काढायची, त्यांची यादी करायची, तीन महिन्यांत ती पुरी झाली की नाही ते बघायचं आणि नाही झाली तर का नाही ते विचारायचं. आपल्या विधिमंडळातही अशी समिती आहे. देशाच्या सर्वोच्च सभागृहाला कळलं की बोललेल्या शब्दामागे कोणीतरी बसल्याशिवाय तो खरा होत नाही. आणि तुमच्या गावाला वाटतं की टाळ्यांच्या आवाजाने काम होईल?

याहून मोठं उदाहरण हवं तर संविधान सभा घ्या. जवळजवळ तीन वर्षं काम चाललं. ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. हे आकडे खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात सभागृहापुढे ठेवले. कोणी काय सुचवलं, ते का नाकारलं, काय स्वीकारलं, सगळं नोंदलेलं आहे. म्हणून आजही न्यायालयात एखाद्या कलमाचा अर्थ लावायची वेळ आली की वकील ती पानं उघडतात. वाद घालणाऱ्यांपैकी आज कोणी हयात नाही, पण वाद जिवंत आहे आणि कामाचा आहे.

आपल्या मातीत ही शिस्त नव्हती असं समजू नका. शिवकाळात आणि पेशवाईत गोतसभा बसायची. वतनाचा, शिवेचा, मानपानाचा तंटा सगळ्यांसमक्ष ऐकून निवाडा व्हायचा आणि त्याचा महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहिला जायचा. कोण हजर होतं त्यांची नावं त्यावर यायची. लिहिता न येणारा आपल्या धंद्याची निशाणी करायचा. नांगराची निशाणी असलेले जुने कागद आजही दफ्तरांत आहेत. सही न येणारा माणूससुद्धा "मी इथे होतो, हे माझ्यासमोर ठरलं" असं कागदावर ठेवून जात होता. पुढे हेच कागद माड्यांवर, सांदीकोपऱ्यांत, उंदरांच्या तावडीत सापडले. ते हुडकत वि. का. राजवाडे गावोगाव फिरले आणि १८९८मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड बाहेर आला. एकूण बावीस खंड. ज्या घरांनी कागद जपले त्यांचा इतिहास झाला, ज्यांनी चुलीत घातले त्यांच्या फक्त दंतकथा उरल्या.

आता तुम्ही म्हणाल, ग्रामसभेच्या ठरावाला विचारतो कोण. विचारतात. नोंद पक्की असेल तर सर्वोच्च न्यायालय विचारतं. ओडिशात नियामगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण यायची होती. १८ एप्रिल २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभा जिल्हा न्यायाधीशांच्या देखरेखीखाली भरल्या, त्यांचं कामकाज नोंदलं गेलं आणि बाराच्या बारा सभांनी नकार दिला. खाण थांबली. लांब कशाला जाता? पश्चिम घाटाबद्दल माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११मध्ये अहवाल दिला. त्यात आपल्या सिंधुदुर्गातल्या ग्रामसभांच्या ठरावांची दखल आहे. तिथल्या माणसांनी नुसती आरडाओरड केली असती तर तो आवाज घाटापलीकडे गेला नसता. ठराव कागदावर होता म्हणून तो अहवालात पोचला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तिथे ग्रामसभेआधी अभ्यासगट बसतो. विषय समजून घ्यायचा, कायदा वाचायचा, मग सभेत सगळ्यांच्या सहमतीने ठरवायचं. २००९मध्ये त्या लहानशा गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. वाचणाऱ्या आणि लिहून ठेवणाऱ्या गावाला मिळाला, ओरडणाऱ्या नव्हे.

तुमच्या सबबी मला तुमच्या नावांसारख्या पाठ आहेत. एकेक घेतो.

पहिली सबब, वेळ नाही. वर्षात चार सभा. सहसा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास. सूचना आधी लागते. क्रिकेटच्या एका स्पर्धेला तुमचे याहून जास्त दिवस जातात. वेळ नाही असं मला सांगू नका, इच्छा नाही असं सांगा, म्हणजे निदान खरं बोलल्याचं पुण्य तरी मिळेल.

दुसरी, विचारलं की वाईटपणा येतो. वाईटपणा विचारण्याने येत नाही, विचारायच्या रीतीने येतो. "पैसे कोणी खाल्ले?" असं ओरडाल तर भांडण होणारच. "अमुक तारखेच्या अमुक क्रमांकाच्या ठरावावर काय कार्यवाही झाली?" असं शांतपणे विचारा. समोरचा प्रामाणिक असेल तर त्याला आनंद होईल, नसेल तर त्याला घाम फुटेल. दोन्हींत गावाचं भलं आहे. आणि नोंद ही हेरगिरी नव्हे. कोणाला अडकवण्यासाठी वही ठेवणार असाल तर ठेवूच नका. श्रमदानाला येतो म्हणून तुम्ही सभेत हात वर केला होता, तेही त्याच वहीत लिहा. आधी स्वतःची बाकी चुकती करा, मग दुसऱ्याची मागा.

तिसरी, आम्ही मुंबईत असतो. तुमचे आजे गिरणीत होते तेव्हा लालबाग-परळच्या खोलीत गावची मंडळं चालवत होते. वर्गणी कोणी किती दिली, देवळाच्या कौलांना किती गेले, कोणाच्या आजारपणाला किती दिले, सगळं वहीत. पाळीवरून आल्यावर कंदिलाच्या उजेडात लिहायचे. शिक्षण चौथी. तुम्ही पदवीधर, हातात फोन, आणि गणपतीत पाच दिवस येऊन गावाला नावं ठेवून जाता. ई-ग्रामस्वराज हे पोर्टल २०२०पासून आहे. ग्रामपंचायतीचा आराखडा, कामं, खर्च तिथे घाटकोपरला बसूनही बघता येतात. बघता का?

चौथी सबब नवीन आहे: आता यंत्र लिहील. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने २०२५मध्ये 'सभासार' नावाचं साधन आणलं, ते ग्रामसभेच्या ध्वनिमुद्रणावरून इतिवृत्त तयार करून देतं. चांगलंच आहे. लिहिणाऱ्याचा भार हलका होईल. पण यंत्र फक्त बोललेलं टिपेल. जे बोललंच गेलं नाही ते कुठून आणेल? आणि ठराव झाल्यावर सहा महिन्यांनी कार्यालयात जाऊन "पुढे काय झालं?" हे विचारायला यंत्र पायऱ्या चढणार नाही. ते काम पायांचं आहे.

मुलींनो, तुम्ही मागे उभ्या राहून हसू नका. हे तुम्हांलाही आहे. महाराष्ट्रात पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. महिलांची सभा ही सही करून घरी जाण्यासाठी नसते. तिथे ठरलेलं पुढच्या ग्रामसभेत मांडलं गेलं की नाही, हे तुम्हीच बघायचं आहे. आणि या सगळ्या बाप्यांना सांगा, तुमच्या आयांकडून शिका म्हणून. बचत गटाची बैठक असते. हजेरी, बचत, कर्ज, हप्ता, दंड आणि ठरावाची वही. मागच्या बैठकीचं वाचल्याशिवाय पुढचा विषय निघत नाही. कोणाचा हप्ता थकला हे नाव घेऊन विचारतात आणि पुन्हा एकत्र भाकरीही खातात. वाईटपणा येत नाही. ज्या बायकांना तुम्ही "तिला काय कळतं" म्हणता, त्यांची वही तुमच्या डोक्यापेक्षा जास्त व्यवस्थित असते.

आता करायचं काय ते लिहून घ्या. पाटी कोरी करून घरी पाठवायची माझी पद्धत नाही.

दोनशे पानी एक वही आणा. प्रत्येक वाडीतून दोघांनी जबाबदारी घ्यायची, एक मुलगा, एक मुलगी. पानावर सहा रकाने पाडा: सभेची तारीख, ठराव क्रमांक, विषय, नेमकं काय ठरलं, कोणी आणि कधीपर्यंत करायचं, आणि झालं का. शेवटचा रकाना पेन्सिलीने भरा, कारण तो बदलत राहायला हवा. सभेहून घरी आल्यावर जेवायच्या आधी लिहा, सकाळवर टाकू नका. सकाळी प्रत्येकाला वेगळंच आठवतं. तीन महिन्यांनी वही घेऊन पंचायतीत जा, नमस्कार करा, एकेक ओळ विचारा. पत्र गेलं असेल तर जावक क्रमांक मागून घ्या. ठरावाची प्रत हवी असेल तर आधी साध्या अर्जाने मागा. नाहीच मिळाली तर २००५चा माहिती अधिकाराचा कायदा आहे. दहा रुपयांचं शुल्क, एका वेळी एकच विषय, नेमकी तारीख आणि नेमका ठराव क्रमांक. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही आलं तर पहिलं अपील. पण "आजपर्यंतची सर्व माहिती द्यावी" असले अर्ज करू नका. असा अर्ज करणाऱ्याला काय हवं आहे ते त्यालाच ठाऊक नसतं आणि कार्यालयातली माणसं विनाकारण कपाटं उपसत बसतात.

पुढच्या सभेत पहिल्या विषयाला आत बसा. मागचं इतिवृत्त वाचलं जात असताना आपली वही उघडी ठेवा. दोन्ही जुळतात का ते बघा. जुळत नसेल तर तिथल्या तिथे, अदबीने, उभं राहून सांगा. जुळत असेल तर तेही सांगा. लिहिणाऱ्याचं काम चांगलं झालं असेल तर त्याचे आभार मानायला तुमची जीभ जड होऊ नये. आणि वर्षाच्या शेवटी एकच कागद करा: इतके ठराव झाले, इतके पुरे झाले, इतके अडले, अडले ते अमुक पायरीवर. तो कागद पंचायतीच्या फलकाजवळ, देवळात, रेशनच्या दुकानात लावा. कोणाचं नाव बदनाम करायला नको, नुसतं खरं काय ते लावा.

एवढं केलंत तर रस्ता उद्या होईल असं आश्वासन मी देत नाही. पण रस्ता का होत नाही हे तुम्हांला कळेल, आणि कारण कळलेल्या माणसाला फसवणं कठीण असतं. हे करायचं नसेल तर पुन्हा माझ्यासमोर गावाबद्दल एक अक्षर काढायचं नाही. ज्याने निर्णय ऐकला नाही, वाचला नाही, त्याच्या मागे गेला नाही, त्याला तक्रारीचा हक्क नाही.

पुढच्या ग्रामसभेची सूचना पंचायतीच्या फलकावर लागेल. ती वाचायची, त्या दिवशी वेळेवर यायचं आणि येताना वही आणायची. जो रिकाम्या हाताने येईल, त्याने माझ्या शेजारी बसू नये.